तळ्याकाठचा तंबू आणि गिरणगावची वीज

१/
शनिवारची पहाट. लालबागच्या एखाद्या इमारतीखाली गाडी उभी आहे. डिकीत चटया, बॅटऱ्या, मुलांचे स्वेटर, आजीच्या औषधांची पिशवी आणि कोळशाची गोणी. कुटुंब पवना, मुळशी किंवा शिरोट्याच्या काठी एक रात्र तंबूत काढायला निघाले आहे. किती वाजता पोहोचायचे, जेवणात काय, तंबूत पलंग आणि पंखा आहे का, स्वच्छतागृह जवळ आहे का, हे सारे आधीच विचारून झालेले असते. यादीत एकच प्रश्न सहसा नसतो : हे तळे तिथे आले कुठून?

२/
पवना, मुळशी, शिरोटा ही नावे आज ‘लेकसाइड कॅम्पिंग’च्या जाहिरातींत एका ओळीत येतात. यांतले एकही तळे निसर्गनिर्मित नाही. तिन्ही धरणांचे जलाशय आहेत. त्यांतील दोन तर मुंबईच्या, विशेषतः परळ-लालबागच्या गिरण्यांच्या गरजेतून जन्माला आले. तंबू ठोकण्यापूर्वी त्या जमिनीचा इतिहास जाणून घेणे हाही सहलीच्या तयारीचाच भाग मानला पाहिजे. हा धागा त्याविषयी.

३/
सुरुवात शहरातूनच करावी लागेल. जुन्या मुंबईचे पाणी तळ्यांतून आणि विहिरींतून येई. सी. पी. टँक, गोवालिया टँक, धोबी तलाव, दो टाकी : गिरगाव आणि त्याच्या आसपास आजही ही नावे बसच्या पाट्यांवर दिसतात, त्यांतले पाणी मात्र केव्हाच गेले. वस्ती वाढली, तळी अपुरी पडली आणि दूषितही झाली. शहराने मग आपल्या हद्दीबाहेरचे पाणी शोधायला सुरुवात केली.

४/
हेन्री कॉनीबिअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८६० साली विहार तलाव पूर्ण झाला आणि साष्टी बेटावरचे पाणी नळांनी मुंबईत पोहोचले. पाठोपाठ १८७९ मध्ये तुळशी तलाव आला, १८९२ मध्ये तानसा. प्रत्येक टप्प्याला शहराचा हात थोडा अधिक लांब जात होता. तुळशीहून शहराकडे येणारी जलवाहिनी ज्या भागातून गेली, तिथल्या रस्त्याला लोक ‘तुळशी पाइप रोड’ म्हणू लागले. माहीम, दादर आणि लोअर परळ यांना जोडणारा, रेल्वेरुळांना समांतर धावणारा तो हाच रस्ता.

५/
या रस्त्याचे आजचे अधिकृत नाव सेनापती बापट मार्ग. गिरण्यांची प्रवेशद्वारे याच रस्त्यावर होती आणि आज त्यांच्या जागी मॉल आणि कार्यालये उभी आहेत. एका तळ्याच्या नळावरून ओळखला जाणारा, गिरण्यांच्या भिंतींना लागून जाणारा हा रस्ता ज्या माणसाच्या नावाने आज ओळखला जातो, तो माणूस गिरण्यांना वीज पुरवणाऱ्या एका तळ्याच्या विरोधात तुरुंगात गेला होता. हा योगायोग समजून घ्यायचा तर आधी गिरण्यांकडे वळावे लागेल.

६/
एकोणिसाव्या शतकातील मुंबईची गिरणी वाफेवर चाले. वाफेला कोळसा लागे आणि मुंबईच्या जवळपास कोळसा नव्हता. तो बंगालच्या खाणींतून किंवा समुद्रापलीकडून आणावा लागे. भाडे भारी, पुरवठा अनिश्चित. गिरणगावच्या आकाशातला धूर हा त्या खर्चाचा सर्वांना दिसणारा पुरावा होता. घाटमाथ्यावर मात्र दर पावसाळ्यात प्रचंड पाणी कोसळे, आणि तिथून कोकणची तळपट्टी सरळ खाली सुमारे ५०० मीटरवर होती. पाणी आणि उंची, जलविद्युतेला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर होत्या.

७/
डेव्हिड गॉस्लिंग यांनी मांडलेली ही कल्पना जमशेदजी टाटांनी उचलून धरली. १९०४ मध्ये जमशेदजींचे निधन झाले. योजना पुढे नेली ती दोराबजी टाटांनी. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. तिचे भांडवल मुख्यतः भारतातूनच, संस्थानिक आणि व्यापाऱ्यांकडून, उभे राहिले. स्वदेशीच्या वातावरणात ही गोष्ट अभिमानाची मानली गेली. हा अभिमान खोटा नव्हता. मुळशीचा पुढचा संघर्ष वाचताना हे विसरून चालत नाही.

८/
फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोटा अशी तीन तळी बांधण्यात आली. तिथले पाणी कालव्यांनी घाटाच्या कडेला आणून जाड पोलादी नळांतून खोपोलीच्या वीजगृहात सोडायचे, अशी रचना होती. १९१५ मध्ये खोपोलीची वीज तारांवरून सुमारे ७० किलोमीटर प्रवास करून परळच्या केंद्रात आली. आजही खोपोली परिसरात डोंगरउतारावर ते नळ दिसतात. तळ्याकडे निघालेल्या मुलांना गाडीतून दाखवण्याजोगी ही पहिली ऐतिहासिक खूण.

९/
विजेने गिरणीमालकांची कोळशाची चिंता कमी केली. कामगाराच्या आयुष्यात मात्र वीज आधीच, निराळ्या रूपात आली होती. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांनी स्वतःची वीज निर्माण करून दिवे लावले. तोवर सूर्य मावळला की काम थांबवावे लागे. दिव्यांमुळे ते बंधन सुटले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. असंतोष वाढला, चौकशी झाली, आणि १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगाराच्या दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. एकाच दिव्याचा अर्थ मालकासाठी एक होता आणि कामगारासाठी दुसरा.

१०/
मागणी वाढत गेली, तसे एकेक खोरे अडवले गेले. आंदर मावळातील आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये त्याचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहात उतरले. त्याच दशकात मुंबईच्या घरांना आणि ट्रामला वीज पुरवणारी बेस्ट कंपनीही टाटांची वीज घेऊ लागली. गिरगावच्या चाळीतला दिवा आणि मावळातला पाऊस यांचे नाते असे जुळले. तिसरे खोरे होते मुळा आणि निळा या नद्यांचे : मुळशी पेटा.

११/
मुळशी पेटा म्हणजे भाताचा मुलूख. आंबेमोहोर तांदळासाठी मावळचा हा पट्टा ओळखला जाई. धरणाच्या योजनेत पन्नासच्या आसपास गावे आणि दहा हजारांहून अधिक माणसे बाधित होणार होती. १९१९ मध्ये या योजनेसाठी टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. भूसंपादनासाठी १८९४ चा कायदा हाताशी होता. एका खासगी कंपनीची वीजनिर्मिती ‘सार्वजनिक हित’ ठरली आणि शेतकऱ्याची संमती मिळवण्याची गरज उरली नाही. त्याच्यापुढे उरला तो फक्त नुकसानभरपाईच्या रकमेचा प्रश्न.

१२/
मावळ्यांचे उत्तर होते : ‘जान किंवा जमीन’. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे १,२०० सत्याग्रही धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बायका आणि मुलेही त्यांत होती. काम थांबले. असहकार चळवळीला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. सत्याग्रह हे हत्यार देशालाच नवे होते. मावळातल्या शेतकऱ्यांनी ते परक्या सरकारइतकेच स्वदेशी कंपनीपुढेही धरले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून टाटांना आवाहन केले, की कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावे.

१३/
या लढ्याच्या नेतृत्वात पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही दोन नावे आघाडीची. बापटांचा जन्म १८८० चा, पारनेरचा. शिष्यवृत्तीवर ते विलायतेत शिकायला गेले आणि तिथे बॉम्ब बनवण्याची विद्या घेऊन परतले. मुळशीत मात्र सुरुवातीला त्यांनी निःशस्त्र प्रतिकाराचा मार्ग धरला. ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना कोणत्याही रणांगणाने दिलेली नाही. ती मुळशीच्या लढ्यातून आली.

१४/
१९२१ च्या मे महिन्यात कंपनीने सहा महिन्यांसाठी काम थांबवण्याचे मान्य केले. तो अल्पकाळचा विजय ठरला. वर्षअखेरीस काम पुन्हा सुरू झाले, अटकसत्र चालू झाले. आतूनही लढा दुभंगत होता. पेट्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकार-जमीनदारांच्या नावावर होती. त्यांच्यासाठी जमीन ही मालमत्ता होती. योग्य भाव मिळाला की प्रश्न मिटत होता. कसणाऱ्या कुळासाठी तीच जमीन उद्याचे जेवण होती. हळूहळू भरपाई घेणाऱ्यांची बाजू वरचढ झाली. ‘जमीन कोणाची?’ या प्रश्नाला सातबाऱ्यावर एक उत्तर असते आणि बांधावर दुसरे, हे मुळशीने तेव्हाच दाखवून दिले.

१५/
लढा ओसरत असताना बापट अधिक कठोर मार्गाकडे वळले. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह धरणाच्या बांधकामासाठी धावणारी रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९३१ मध्ये ते सुटले. तोवर सारे संपले होते. धरण पुरे झाले होते, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले होते आणि गावांवर पाणी चढले होते. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरील आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच त्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे.

१६/
या सर्व योजनांनी भूगोलही बदलला. इंद्रायणी, आंद्रा, मुळा या भीमेच्या खोऱ्यातील नद्या. त्यांचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जाणारे. धरणांनी ते पश्चिमेला वळवले : खोपोलीला पाताळगंगेत, भिवपुरीला उल्हासमध्ये, भिऱ्याला कुंडलिकेत. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करणाऱ्या पाहुण्यांना भर उन्हाळ्यातही नदी वाहती मिळते, ती वीज करून सोडलेल्या याच पाण्यामुळे. खाली राफ्टिंग, वर तंबू. दोन्हींच्या मुळाशी शंभर वर्षांपूर्वीचा तोच बांध आहे.

१७/
मावळ-मुळशी आणि मध्य मुंबई यांचे नाते केवळ विजेचे नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचा इतिहास १८९० च्या सुमारास सुरू होतो आणि त्यांच्यातील बहुसंख्य मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. डोंगराळ भातशेतीवर वर्षभर घर चालत नसे, म्हणून कर्ता माणूस मुंबई गाठे. म्हणजे एकाच खोऱ्यातून शहराला वीजही मिळत होती आणि दुपारचा डबा पोहोचवणारा माणूसही. दादर स्टेशनबाहेर डब्यांची हातगाडी दिसली, की हे आठवायला हरकत नाही.

१८/
आज सर्वाधिक गजबजलेल्या पवनेची गोष्ट थोडी निराळी आहे. हे धरण स्वातंत्र्यानंतरचे, १९७२ च्या सुमाराचे. ते मुंबईसाठी नव्हते. शेतीसाठी आणि पिंपरी-चिंचवडच्या वाढत्या वस्तीसाठी होते. तुंग, तिकोना, लोहगड या किल्ल्यांच्या पायथ्याचे पवन मावळ त्यात बुडाले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळला. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की वाघेश्वराचे दगडी मंदिर उघडे पडते. पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. स्थानिकांसाठी ते बुडालेल्या गावाकडे जाण्याचे, वर्षातून काही आठवडे उघडणारे दार आहे.

१९/
पवनेचे पाणी बंद नळातून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनीच, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, त्यांत एक महिला होती. लोणावळ्याच्या पुढचा, कामशेतच्या परिसरातला हा पट्टा. १९२१ आणि २०११ यांमध्ये नव्वद वर्षे आहेत. राज्यकर्ते बदलले, कंपनीच्या जागी महापालिका आली, आणि खोऱ्याचे पाणी कोणाचे हा प्रश्न मात्र मिटला नाही.

२०/
मग या तळ्यांकाठी जाऊच नये का? असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो न्याय्य नाही. ज्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील अनेक घरे आज याच काठावर तंबूंचा व्यवसाय करतात. पिठले-भाकरी, चुलीवरचे कोंबडीचे कालवण, सकाळचे पोहे हे त्यांच्या घरातून येते. काही ठिकाणी जमीन गावकऱ्याची आणि धंदा बाहेरच्याचा, असेही असते. तेव्हा प्रश्न जाण्या-न जाण्याचा नसून कोणाकडे उतरायचे याचा आहे. नोंदणी करताना ‘जागा कोणाची, चालवते कोण, स्वयंपाक कोण करते?’ एवढे विचारले, तरी आपला पैसा कोणाच्या हाती जातो ते कळते.

२१/
इतिहास जाणला की व्यवहारही सुधारतो. हे तळे धरणाचे आहे हे कळले, की त्याचा काठ स्थिर नसतो हेही कळते. पावसाळ्याअखेर पाणी सर्वांत वर असते. हिवाळ्यानंतर ते उतरत जाते आणि मागे चिखल, अचानक खोल होणारे उतार आणि जुन्या बांधांचे दगड सोडते. तंबू पाण्याच्या कमाल रेषेच्या वर असावा. मुलांना उथळ दिसणाऱ्या पाण्यातही एकटे सोडू नये, कारण त्याखाली नैसर्गिक किनारा नसून बुडालेली शेते, विहिरी आणि ओढ्यांची पात्रे आहेत. भर पावसाळ्यात, विसर्गाचा इशारा असताना धरणाखालच्या नदीपात्राकडे फिरकू नये.

२२/
ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मुक्कामासाठी सुखाचा काळ. इतिहासाची आवड असलेल्यांनी मात्र एप्रिल-मे महिन्यांतही एक फेरी करावी. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी, जुन्या भिंतींचे जोते, देवळांचे चौथरे तेव्हाच दिसतात. निघण्याआधी धरणापूर्वीचा भूमापन नकाशा मिळाला तर जरूर पाहावा. १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअरही चाळावे. आजच्या नकाशावर जिथे एकसंध निळा रंग आहे, तिथे जुन्या नकाशावर गावांची नावे, पायवाटा आणि नदीची वळणे आहेत. दोन नकाशे शेजारी ठेवून मुलांना फरक शोधायला लावणे, ही शेकोटीपूर्वीची उत्तम करमणूक ठरू शकते.

२३/
आणि यजमान वयस्क असतील, तर जेवणानंतर एक प्रश्न सहज विचारावा : ‘बाबा, तुमचं जुनं गाव कुठं होतं?’ पवनेच्या काठी असे गाव स्वतः पाहिलेली माणसे अजून भेटतात. मुळशीची ती पिढी आता राहिलेली नाही. तिथे आजोबांकडून ऐकलेले सांगणारे भेटतात. बहुतेकदा उत्तर शब्दांआधी हाताने येते. अंधारात पाण्याच्या दिशेने बोट केले जाते. त्या बोटाच्या रोखाने पाहणे, आणि घाईने दुसरा विषय न काढणे, एवढे पाहुण्याला करता येते.

२४/
१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा भोंगा हळूहळू थांबला. ज्यांच्यासाठी मुळशी बुडाले, ती यंत्रे भंगारात गेली. तळी मात्र राहिली आणि अजूनही वीज देतात. रविवारी संध्याकाळी घाट उतरून गाडी दादरला येते, सेनापती बापट मार्गाला लागते आणि सिग्नलवर थांबते. मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात. खिडकीबाहेर निळ्या पाटीवर ते नाव असते. मुले जागी असतील, तर त्यांना ते वाचून दाखवावे. आता ते नाव त्यांना अनोळखी नाही.